हात निवल्याशिवाय पाणी नाही

गेल्या मे महिन्यातल्या मिरवणुकीनंतर लुदिविना आपल्या पार्लरमध्ये माशा मारत बसली होती. पार्लर म्हणजे तरी काय, घराचीच पुढची खोली. एक आरसा, एक फिरती खुर्ची, भिंतीवर बाळयेशू सान्तो निन्योची तसबीर आणि तिच्याखाली मेकअपच्या ब्रशांनी भरलेला पेला. मे महिना आमच्या सान रोक्वे गावात राण्यांचा. गावातल्या पोरी फुलांच्या कमानीखालून राण्या होऊन मिरवतात, आणि या सगळ्या राण्यांचे चेहरे कित्येक वर्षं लुदीच रंगवत आली होती. गेल्या वर्षीही तिनंच रंगवले. पण मिरवणुकीची फुलं सुकली नाहीत तोच मुख्य राणी झालेल्या मारिवीच्या दोन्ही गालांवर पुवाचे फोड उठले. मग तिच्या मागून चालणाऱ्या राणीच्या हनुवटीवर. मग आणखी एकीच्या कपाळावर. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "चेहऱ्याला लावलेले ब्रश धुतलेले होते का?" आणि तोच प्रश्न संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं लुदीला विचारून घेतला.

धुतलेले नव्हते. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, कारण का धुतले नव्हते हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसभर राबून तापलेल्या हातांना आमच्याकडे कोणी पाणी लावत नाही. लावलं की पास्मा होतो. हात थरथरायला लागतात, तळव्यांना घाम सुटतो, शिरा वर येतात, आणि एकदा गेलेले हात पुन्हा जागेवर येत नाहीत. शेतावरून आलेला माणूस आधी पायरीवर बसून हात निववतो, मग धुतो. इस्त्री केलेली बाई सकाळपर्यंत नळाकडे फिरकत नाही. लुदी तर दिवसभर केस कुरळे करायचा तापलेला चिमटा हातात घेऊन उभी. संध्याकाळी म्हणायची, उद्या सकाळी धुवीन. आणि मे महिन्यात उजाडायच्या आत पुढची राणी दारात हजर. असे ते ब्रश या गालावरून त्या गालावर फिरत राहिले. पास्म्याची भीती साऱ्या गावाची, बदनामी मात्र एकट्या लुदीची.

शिवाय लुदीच्या घरात हा नियम जरा जास्तच कडक होता. तिची आई चोलेंग तरुणपणी बड्या घरांचे कपडे धुवायची. दुपारभर निखाऱ्यांच्या इस्त्रीनं चादरी कडक करायच्या आणि लगेच राहिलेले कपडे धुवायला नदीवर जायचं. तिचे हात पन्नाशीच्या आतच गेले. आता ती कॉफीचा कप अर्धाच भरून घेते, तरी निम्मी कॉफी बशीत. गावातली पोरं म्हाताऱ्या माणसांचा हात धरून कपाळाला लावतात आणि आशीर्वाद घेतात, पण चोलेंगचा हात कुणाला मिळत नाही. एका बाप्तिस्म्याच्या जेवणात तिचा थरथरता हात एका पोराच्या डोळ्याला लागला होता. पोर जरासं रडलं आणि गप्प झालं, पण चोलेंगच्या मनातून ते गेलं नाही. तेव्हापासून ती हात एप्रनखाली घेऊन बसते आणि लांबूनच म्हणते, "देव भलं करो रे बाबा." पोरांना त्याची सवय झाली. लुदीलाही झाली.

नोव्हेंबरात एक दिवस मारिवीच पार्लरमध्ये आली. फोड कधीच गेले होते, पण डाव्या गालावर त्यांच्या खुणा राहिल्या होत्या, बारीक खळग्यांसारख्या. लुदीनं नजर खाली घातली. मारिवी मात्र सरळ फिरत्या खुर्चीत जाऊन बसली आणि पायांनी खुर्ची गरगर फिरवायला लागली.

"आते लुदी, माझं लग्न ठरलंय." लहानपणापासून ती लुदीला आते म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. "खरं तर डिसेंबरात करायचं होतं. पण दादाचं लग्न याच वर्षी झालंय ना, एका वर्षात दोन भावंडांची लग्नं कोण लावतंय? म्हणून जानेवारीत. सान्तो निन्योची जत्रा रविवारी, लग्न सोमवारी सकाळी. पाहुणे एकदाच यावेत."

"छान झालं गं."

"माझा चेहरा तू करायचास."

लुदी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तुझ्या आईनं ऐकलं तर तुला आणि मला मिठात घालून छपरावर वाळवेल."

"शहरातून, लुसेनाहून बोलावणारे ती कुणाला तरी. मी बघितले तिचे फोटो. सगळ्या नवऱ्या एकाच आईच्या पोटच्या वाटतात." मारिवीनं खुर्ची थांबवली. "डोळ्यांची रेघ तुझ्यासारखी कोणी काढत नाही. आणि हे गाल तुलाच माहीत आहेत, कुठे काय झाकायचं ते."

ती सहज बोलून गेली. लुदीला मात्र ते बोलणं चटका लावून गेलं. मारिवी गेल्यावर ती किती तरी वेळ त्या पेल्यातल्या ब्रशांकडे बघत राहिली. पावडरचा मोठा जाड ब्रश, गालांचा तिरका, पापण्यांचे लहान, आणि रेघ ओढायचा सगळ्यात बारीक. ही पोर आपल्यामुळे खुणा घेऊन फिरते आहे आणि पुन्हा आपल्याच खुर्चीत येऊन बसते आहे. लुदीनं मनाशी पक्कं केलं. मारिवीचा लग्नातला चेहरा मीच करणार. त्यासाठी जे करावं लागेल ते करणार.

आधी वाघाच्या गुहेत जाणं भाग होतं. मारिवीची आई ओसांग दोन घरं सोडून दुकान चालवायची. साबणाची पाकिटं, सुकी मासळी, मेणबत्त्या आणि गल्लीतल्या यच्चयावत बातम्या तिथे मिळत. लुदीला बघताच तिनं जाळीच्या मागूनच तोंड सोडलं.

"काय गं, एकदा पोरीच्या गालांची चाळण केलीस ती कमी पडली?"

"माझ्यामुळेच झालं, आलिंग ओसांग. मी कधी नाही म्हटलंय?" गल्लीतल्या थोर बायकांना आलिंग म्हणायची रीत होती, भांडतानाही.

"मग कुठल्या तोंडानं आलीस?"

"याच तोंडानं. दुसरं नाही माझ्याकडे." लुदीनं जाळी धरून ठेवली. "बिघडवलं मी, तर नीटही मलाच करू द्या. आजपासून रोजचे ब्रश रोज धुतले जातील. संध्याकाळी. त्याच दिवशी."

दुकानासमोर बाकावर बसलेल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. संध्याकाळी? कामाच्या हातांनी? ओसांगनं खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून जाळीवर आपटला.

"हा बघ. कुठल्याही संध्याकाळी येईन मी. सांगून येणार नाही. पेल्यातला वाटेल तो ब्रश उचलून या रुमालावर घासीन. एकदा जरी डाग पडला ना लुदी, तर लुसेनाची बाई. आणि मग माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

"या की. रुमाल मात्र धुतलेला आणा."

बाकावरच्या बायका फिसकन हसल्या. ओसांग नाही हसली.

बोलणं सोपं होतं. त्याच संध्याकाळी लुदीनं सगळे ब्रश एका मोठ्या पेल्यात उभे केले, भांड्यांचा साबण ओतला, वरून कढत पाणी घातलं आणि कृतार्थ होऊन जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एका बाई चेहरा करून घ्यायला आल्या, तर गालावर पावडर कमी आणि ब्रशाचे केस जास्त. पापण्यांच्या एका ब्रशाचं तर डोकंच नळीतून निसटून बाईंच्या मांडीवर पडलं. लुदीनं माफी मागितली. बाई भल्या होत्या म्हणून निभावलं.

पडद्यामागून चोलेंगचा आवाज आला, "केसांना कोणी कढत पाण्यात बुडवतं? डिंक विरघळला त्यांचा. मानेपर्यंत पाणी गेलं की डोकं राहतंय होय!"

"मग कसं धुवायचं ते सांग ना, नानाय." आईला ती नानाय म्हणायची.

"मी का सांगू? धुवायचंच नाही म्हणते मी!"

असं त्या घरात रोज चाललं. चोलेंगनं आधी धुण्याचं घमेलं लपवलं. ते कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथं सापडलं. मग शाम्पूची बाटली नाहीशी झाली, ती तांदळाच्या पिंपात निघाली. एका संध्याकाळी तर म्हातारी नळाला पाठ लावून स्टुलावर ठाण मांडून बसली आणि जपमाळ ओढायला लागली. नमतं घेणं लुदीच्याही रक्तात नव्हतं. तिनं शेजारच्या नळावरून पाणी आणलं.

"माझे हात बघ," चोलेंग म्हणायची. एप्रनखालून हात काढून ती लेकीच्या नाकासमोर धरायची. "असे हवेत तुला? रेघ कशानं ओढशील? पायानं?"

खरी गोष्ट अशी की पास्म्याला तीही घाबरत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की पाण्यानं हात जात नाहीत, वयानं आणि शिरांनी जातात. लुदीनं मान डोलावली होती. पण डॉक्टरीणबाईंच्या घरात तसे हात नव्हते, लुदीच्या घरात होते. म्हणून ती रोज सकाळी उठल्याबरोबर सगळ्यात बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून स्वतःच्या मनगटावर एक रेघ ओढायची. रेघ सरळ आली की जिवात जीव यायचा. मग दिवसाचं काम, आणि संध्याकाळी पुन्हा घमेलं.

चोलेंगची मोठी पंचाईत अशी होती की धुणं चुकीचं चाललेलं तिला बघवत नसे. नाही म्हणायचं ते म्हणून झालं की ती पडद्याच्या फटीतून बघत बसायची आणि थोड्या वेळानं तिच्यानं राहवायचं नाही.

"उलटा धर! केस खाली, दांडी वर. पाणी मानेत शिरतंय."

लुदी उलटा धरायची.

"चोळू नकोस तसं खसाखसा. तळहातावर गोल फिरव. बाळाचं डोकं धुतेस असं समज. फेस पांढरा येईस्तोवर."

लुदी गोल फिरवायची.

"आता पिळू नकोस, तुझ्या नवऱ्याची मान आहे का ती?" लुदीला नवरा नव्हता, पण चोलेंगला त्याची मान पिळायची फार हौस. "पंच्यात दाब. आकार दे बोटांनी. आणि पेल्यात उभे ठेवशील तर खबरदार, सगळं पाणी खाली उतरून पुन्हा डिंकात जाईल."

शेवटी एक दिवस चोलेंगनं आपल्या जुन्या पेटीतून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे काढले आणि न बोलता टेबलावर आदळले. लुदीनं मागच्या पडवीत सावलीला दोरी बांधली. ब्रश चिमट्यांनी दांडीला धरून उलटे टांगले. वाऱ्यावर ते हळूहळू झुलायचे, आणि कोंबड्या माना वर करून बघायच्या.

ओसांगही शब्दाची पक्की. कधी दिवेलागणीला यायची, कधी जेवणाच्या वेळी, एकदा तर लुदी अंघोळ करत असताना. दोरीवरून एक ब्रश उतरवायची, रुमालावर घासायची, रुमाल उजेडाकडे धरायची आणि नाक मुरडून निघून जायची. "बरं आहे," एवढं तरी म्हणावं की नाही? पण नाही. तरीही गल्लीत हळूहळू बातमी झाली. ओसांगच्या रुमालावर डाग पडत नाही म्हटल्यावर एक एक गिऱ्हाईक पुन्हा पार्लरच्या खुर्चीत येऊन बसायला लागलं. नाताळच्या जेवणांसाठी तर लुदीला श्वास घ्यायला उसंत मिळाली नाही. आणि रोज सकाळी मनगटावरची रेघ सरळ येत होती.

मग जत्रेचा रविवार उजाडला.

बँडपुढे छड्या फिरवत नाचणाऱ्या शाळेतल्या सगळ्या मुलींचे चेहरे लुदीकडे आले होते. अंधारातच रांग लागली. पापण्यांवर चांदीची चमकी, गालांवर सोनेरी चमकी, ओठ लालभडक, आणि प्रत्येकीचे केस तापल्या चिमट्यानं कुरळे. एक उठली की दुसरी. मधल्या मधे बदलायला लुदीनं धुतलेल्या ब्रशांचा जुना संच वेगळा ठेवला होता, तोही कमी पडला. दुपारी नाचणाऱ्यांची दुसरी टोळी आली. मिरवणुकीचे ढोल गल्लीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा लुदीनं शेवटच्या पोरीच्या नाकावर चमकीचा ठिपका लावला आणि चिमटा खाली ठेवला. ठेवताना तो टेबलावर वाजला. टकटकटक.

तिनं हाताकडे बघितलं. बोटं थरथरत होती.

तिनं बारीक ब्रश घेतला आणि मनगटावर रेघ ओढली. रेघ नागमोडी गेली. पुसून पुन्हा ओढली. पुन्हा तशीच. उद्या सकाळी मारिवी.

पेल्यात सगळे ब्रश चमकीनं माखून उभे होते. जाड ब्रश पहाटेपर्यंत वाळायचा तर आत्ताच धुवायला हवा होता. आज ओसांग येणार हे लख्ख दिसत होतं, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती येणार नाही तर कधी येणार? आणि ओसांग जरी आली नसती, तरी ही चमकी आणि हा घाम घेऊन ते ब्रश मारिवीच्या त्या गालांना लावायचे? पुन्हा? तो विचारसुद्धा लुदीला सहन झाला नाही.

चोलेंग पडदा सारून आली. तिनं लेकीचं मनगट बघितलं. नागमोडी रेघ बघितली. या खेपेला ती ओरडली नाही.

"आज नको, बाळा," ती म्हणाली. "इतके दिवस केलंस, मी हरले. पण आज दिवसभर चिमटा होता तुझ्या हातात. मी पण अशीच इस्त्रीवरून उठून गेले होते."

"नानाय, धुवायलाच हवेत."

"उद्या रेघ ओढता आली नाही तर?"

"तर नाही ओढणार. दुसरं कोणी ओढेल. पण घाण ब्रश तिच्या तोंडाला लागणार नाही."

चोलेंगनं फिरती खुर्ची तिच्याकडे वळवली. "निदान हात तरी निवू देत. एवढं तरी ऐक. बस जरा खुर्चीत."

तेवढं ऐकायला हरकत नव्हती. लुदी फिरत्या खुर्चीत बसली, हात मांडीवर उताणे ठेवले. ढोलांचा आवाज चर्चकडे सरकत गेला. पहाटेपासून उभी असलेली बाई ती. हात निवायची वाट बघता बघता तिचा डोळा कधी लागला ते तिलाच कळलं नाही.

चर्चच्या संध्याकाळच्या घंटेनं तिला जाग आली. ती दचकून उठली आणि पहिली नजर पेल्याकडे गेली. पेला रिकामा होता.

मागच्या पडवीतून पाण्याचा आवाज येत होता.

लुदी धावत गेली आणि दारातच थबकली. चोलेंग घमेल्यापुढे बसली होती, बाह्या कोपरापर्यंत वर, दोन्ही हात पाण्यात. इतक्या वर्षांत लुदीनं आपल्या आईचे हात पाण्यात बघितले नव्हते. अंघोळीलाही म्हातारी पाणी ऊन करून, एका हातानं भांडं धरून, घाबरत घाबरत घ्यायची. आणि आता ती फेसात कोपरापर्यंत बुडाली होती. दोरीवर निम्मे ब्रश उलटे टांगून झालेले होते. आणि पडवीच्या खांबाला टेकून, हातात पांढरा रुमाल घेऊन, ओसांग उभी होती.

"आते चोलेंग," ओसांग म्हणत होती, "अहो, तुमचे हात! काही डोकं आहे का ठिकाणावर? त्यात हे गार पाणी."

"गेलेच आहेत ते, ओसांग. आणखी कुठे जाणार?"

"दुखतील रात्री."

"दुखू देत. तुला आठवतं का, नदीवर तू माझ्या शेजारचा दगड धरायचीस? सगळ्यात वाईट धुणं तुझं असायचं."

"मी लहान होते तेव्हा!"

"आताही तुझ्या रुमालाची कड पिवळी आहे. मी बोलले नाही इतके दिवस." चोलेंगनं पावडरचा जाड ब्रश फेसात उलटा धरला. तळहातावर टेकवला. आणि तिचा हात थरथरायला लागला, तसा ब्रश आपोआप गोल गोल फिरायला लागला. चांदीची चमकी पाण्यात सुटून तरंगू लागली. म्हातारी खुदकन हसली. "बघ गं बघ! घासायचे कष्टच नाहीत. हात आपला आपण कामाला लागतो. एवढी वर्षं मी याला नुसतं बसवून ठेवलं."

ओसांग हसली नाही, पण तिनं रुमालाची घडी उघडली, चोलेंगसमोर उकिडवी बसली, धुतलेला ब्रश तिच्या हातातून घेतला आणि रुमालात दाबून पाणी टिपायला लागली. घासून बघितला नाही. नुसतं टिपलं, बोटांनी आकार दिला आणि चिमट्याला लावला. मग दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

लुदी पुढे झाली. "नानाय, ऊठ तू. माझे हात निवले आता."

"लांब हो!" चोलेंग तिच्यावर एवढ्यानं खेकसली की कोंबड्या फडफडल्या. "आज पाण्याला हात लावलास तर याद राख. तुझे हात उद्यासाठी आहेत."

लुदी दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि मनसोक्त रडली. कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. दोघी बायका भांडत भांडत धूत राहिल्या, कुणाच्या चादरी किती कडक असायच्या यावरून.

सोमवारी उजाडताच लुदीनं मनगट पुढे केलं. दोनदा हात झटकले, श्वास रोखला आणि रेघ ओढली.

सरळ आली.

मारिवीच्या घरी डुक्कर भाजायला लावलं होतं, पाहुणे जागा मिळेल तिथे आडवे झालेले होते, आणि मारिवी खिडकीशी पांढऱ्या झग्यात ताठ बसली होती. लुदीनं काम सुरू केलं. डाव्या गालावर ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. एकेका खळग्यावर बारीक ब्रशानं रंग बसवत गेली, घाई केली नाही, काही झाकायचं राहू दिलं नाही. मग डोळे. श्वास रोखून तिनं दोन्ही रेघा ओढल्या. आरशात बघून मारिवीनं लुदीची करंगळी घट्ट धरली.

"पावडर राहिली," लुदी म्हणाली आणि पेटीत हात घातला. जाड ब्रश नव्हताच तिथे.

तेवढ्यात चोलेंग दारात आली. धापा टाकत, एका हातात ब्रश, दुसऱ्यात माडाच्या झावळीचा पंखा. "आतून ओला होता," ती म्हणाली. "ओला कसा देऊ? पहाटेपासून वारा घालतेय." तिनं ब्रश लुदीच्या हाती दिला आणि हात लगेच एप्रनखाली घेतले.

लुदीनं ब्रश स्वतःच्या गालावर फिरवून बघितला. कोरडा होता, मऊ होता, आणि त्याला धुतलेल्या चादरीचा वास होता. तिनं मारिवीच्या चेहऱ्यावर अलगद पावडर फिरवली. झालं. नवरी तयार झाली.

मारिवी उठली. झगा सावरत ती आईकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं, पण ती सरळ चोलेंगसमोर जाऊन उभी राहिली आणि आजीला म्हणतात तशी तिनं लोला म्हणून हाक मारली.

"लोला चोलेंग, हात द्या."

"देव भलं करो गं, पोरी," चोलेंग सवयीनं म्हणाली आणि एक पाऊल मागे सरकली.

"तोंडी नको. हात द्या."

"अगं, चेहरा बिघडेल तुझा. माझा हात..."

"ठाऊक आहे मला तुमचा हात." मारिवीनं वाकून एप्रनखालचा तो हात धरला, बाहेर काढला आणि कपाळाला लावला. हात थरथरला. नवरीच्या कपाळावर पावडर फिस्कटली, बोटांच्या ठशांची नक्षी उमटली. ओसांगच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. लुदीला तिनं खुणावलं, नीट कर, नीट कर लवकर.

लुदी हलली नाही. मारिवी कपाळ उचलेपर्यंत ती थांबली. चोलेंगचा हात थरथरत होता, पण तिनं तो मागे घेतला नाही. मारिवी सरळ झाली तेव्हा कुठे लुदीनं ब्रश उचलला आणि तिचं कपाळ पुन्हा सारखं केलं. त्याला काही वेळ लागला नाही. मग ब्रश खाली ठेवून ती स्वतः आईपुढे वाकली.

चोलेंगनं हात पुढे केला. आपणहून. लुदीच्या कपाळाला तो हात लागला, आणि बाप्तिस्म्याच्या त्या जेवणानंतर पहिल्यांदा तिला आईच्या हाताचा खडबडीतपणा जाणवला.

"देव भलं करो," चोलेंग म्हणाली. मग नेहमीच्या कडक आवाजात म्हणाली, "संध्याकाळी ब्रश घेऊन सरळ घरी ये. हात निवेपर्यंत बसायचं आहेच. तोवर मी पाणी काढून ठेवते."